दगडूमामाच्या तीनशे बैठका

समस्त स्त्रीपुरुष वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पिंपळगाव रेणुकाई येथील नामांकित मल्ल, बालब्रह्मचारी, मारुतीचे निस्सीम भक्त दगडू वस्ताद यांना त्यांच्याच तालमीत, त्यांच्याच लाल मातीच्या हौद्यात, भर सकाळी ज्या पैलवानाने चितपट केले, तो पैलवान म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची, लुगडं नेसलेली एक बाई होती. ती माझी आई होती. या कुस्तीची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही, तिथे पंच नव्हते आणि हरलेल्या मल्लाने आयुष्यभर या विषयावर तोंड उघडले नाही. तेव्हा ही ऐतिहासिक जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे आणि मी ती मोठ्या आनंदाने पार पाडणार आहे.

आमच्या घराची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच होती. सकाळी भिंतीच्या पलीकडून अंगं आपटल्याचे धप्प धप्प आवाज यायचे आणि अलीकडे माय भाकरी थापायची. कुस्तीच्या त्या वर्षी हे दोन आवाज वेगळे ओळखू येईनासे झाले, कारण माय ज्वारीच्या गोळ्याला शत्रूसारखी हाणायची. ठेचा करायला बसली की बत्ता असा पडायचा की फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं थरथरायची. येसराचा मसाला घातलेल्या आमटीला तिच्याच तोंडासारखी उकळी फुटलेली असायची. बोलता बोलता उलथनं उडायचं, तांब्या उडायचा, एकदा तर भाकरीसकट तवाच अंगणात गेला आणि कुत्र्यानं तो प्रसाद समजून चाटला. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत गणिताचे मास्तर. त्यांनी त्या वर्षी वाकण्याची कला आत्मसात केली. पेपर तपासता तपासता, मान वर न करता, ते बरोबर क्षणी अर्धा फूट खाली जायचे आणि तांब्या भिंतीवर आदळायचा. पौषाच्या थंडीत आम्ही गोधडीत गुरफटलेले असायचो आणि माय डोक्यावर ओला पंचा घेऊन उंबऱ्यात वारा खात बसायची. शेजारच्या बाया कुजबुजायच्या, ‘तिचं जाऊन राह्यलं.’ काय जाऊन राह्यलं आणि कुठं, हे मला कुणी सांगत नव्हतं.

आता मी मायच्या त्याच वयाची आहे. जालन्यात बायकांचा व्यायामाचा क्लास चालवते आणि काय जातं, कसं जातं हे दिवसाला दहा जणींना समजावून सांगते. अंगातून वाफा निघतात, झोप तुटते, हाडं आतून हलकी व्हायला लागतात, आणि समोरच्या माणसाचं नुसतं नाक दिसलं तरी राग येतो. हे सगळं मी फार शांतपणे सांगते. परवा क्लासमधला स्पीकर बंद होईना, तेव्हा मी त्याच्यावर पाच किलोचं डंबेल घातलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रक्त मायचंच आहे.

दगडूमामा मायचा सख्खा धाकटा भाऊ. मान नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. कान कुस्तीत चुरगळून पुरणाच्या गोळ्यांसारखे झालेले. आवाज असा की विहिरीवरून म्हशीला हाक मारली तर रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टरवाला ब्रेक दाबायचा. तालमीतल्या पोरांना तो वेताच्या छडीनं हाणायचा, पोरं हसत हसत मार खायची आणि संध्याकाळी एकमेकांना हाणायची. बायकांशी बोलताना मात्र मामा आढ्याकडं बघायचा. फक्त मायकडं त्याला सरळ बघता यायचं, कारण लहानपणी तिनंच त्याला कडेवर घेऊन फिरवलं होतं आणि तिनंच बदडलंही होतं.

शाळेनं मुलींचा कबड्डीचा संघ काढायचं ठरवलं तेव्हा हेडमास्तरांनी मामाला गळ घातली. मामानं हो म्हटलं, पण तालमीच्या शिस्तीवर. तालमीमागच्या मोकळ्या जागेत मैदान आखलं आणि हौद्यातल्या मातीच्या तीन पाट्या, हळद, तेल, ताक पिऊन मुरलेली लाल माती, त्यानं स्वतःच्या हातानं मैदानावर पसरली. झालं. मैदान मारुतीचं झालं. आता महिन्याच्या ‘त्या’ चार दिवसांत कुणी पोरीनं तिथं पाऊल ठेवायचं नाही. हे मामानं तोंडानं कधी सांगितलं नाही, ते त्याच्या तोंडून निघालंच नसतं. आपोआप सगळ्यांना कळलं. दुसरा नियम मामाच्या वस्तादाकडून आलेला. पहिल्या दिवशी दहा बैठका, रोज दहा वाढवायच्या, आणि एक दिवस जरी खाडा पडला तरी गिनती पुन्हा दहापासून. जी तीनशेला पोचेल तिलाच सात जणींत जागा.

हे दोन नियम शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणालाही सुचलं नाही. मामाला नाही, हेडमास्तरांना नाही, आणि शरमेची गोष्ट म्हणजे गणिताच्या मास्तरांनाही नाही. वरच्या वर्गातल्या दांडग्या पोरी दोनशे चाळीसच्या आसपास चढायच्या, चार दिवस गायब व्हायच्या आणि परत येऊन दहा बैठकांपासून सुरुवात करायच्या. मामानं यावर खोल चिंतन केलं आणि पारावर जाहीर केलं, “दोनशे चाळीसच्या पुढं पोरींचं मन हलतं. बराबर तिथंच हलतं. बिलकुल पक्की गोष्ट हाय.” सहावीतल्या काटकुळ्या पोरी मात्र बिनखाड्याच्या पुढं जात होत्या. मी चौदा वर्षांची होते, पण माझ्या अंगानं अजून कसलाही निर्णय घेतलेला नव्हता. त्यामुळं मीही चढतच होते. मामा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “निष्ठा बघा, ह्या कुंदीची निष्ठा!” त्या थापेनं माझ्या बरगड्या आठ दिवस दुखायच्या.

आणि जिच्यासाठी हा संघ काढायला हवा होता ती संघात नव्हती. माझी मोठी बहीण शालू. दहावीचं वर्ष, म्हणजे शाळा सुटली की कबड्डी सुटली. शालू चढाईला गेली की समोरच्या पोरी आधी आपली नाकं झाकायच्या. ती परत यायची ती कुणाच्या तरी कोपराचं कातडं नखांत घेऊन. घरातही आम्ही सराव करायचो, म्हणजे ती करायची आणि मी भिंतीवर आदळायचे. ही शालू दोनदा दोनशे चाळीसवरून दहावर आली होती. तालुक्याचा सामना दोन महिन्यांवर होता, धावड्याच्या संघाशी, आणि सात जणींची नावं महिन्याभरात ठरणार होती. तिसऱ्यांदा गिनती सुरू केली त्या दिवशी तिनं माझा हात पाठीमागं पिरगाळला आणि कानात म्हणाली, “ह्या बारीला मी खाडा पाडनार न्हाई. कायी झालं तरी. अन् तू कोनाला बोललीस तर तुझे समोरचे दोन दात माझ्या मुठीत असतील.” मी मान डोलावली. दात मला प्रिय होते.

सव्विसाव्या दिवशी सकाळी तिनं नेहमीपेक्षा जाड सलवार घातली होती आणि ओठ पांढरे पडले होते. आदल्या दिवशीपासूनच सुरू झालं होतं, मला माहीत होतं. दोनशे साठ बैठका काढायच्या होत्या. मामा गिनती म्हणत होता, आम्ही उठत बसत होतो, मातीला ताकाचा आंबट वास येत होता. दीडशेला शालू डगमगली. मामाची छडी तिच्या पोटरीवर बसली. एकशे ऐंशीला पुन्हा डगमगली, पुन्हा छडी. “नाटकं करून राह्यली का? उठ! मन हलू देऊ नको!” दोनशे दहाला ती बसली ती उठलीच नाही, तोंडावर आपटली. ओठ फुटला, नाकातून रक्ताची धार लागली आणि लाल मातीत मिसळून गेली. मामा घाबरून खाली वाकला. तेवढ्यात सहावीतली एक भाबडी पोर ओरडली, “मामा, तिच्या सलवारला बी रगत हाय!” मामा तीन फूट मागं उडाला. एवढी लांब उडी त्यानं नंतर कधी मारली नाही. दोन क्षण तो आढं शोधत राहिला, उघड्यावर आढं नव्हतं, मग आभाळाकडं बघून म्हणाला, “बाहेर काढा तिला. गोमूत्र आना जल्दी. अन् तिची गिनती दहापासून.”

दहापासून म्हणजे संपलं. नावं ठरायला चार दिवस होते. शालूनं मूठभर माती उचलून मामाच्या तोंडावर फेकली आणि त्याच्या मनगटाचा चावा घेतला. मामानं छडी उगारली. त्या क्षणी मला दातांची पर्वा राहिली नाही. मी घराकडं पळाले.

माय ठेचा वाटत होती. हिरव्या मिरच्या, लसूण, खडेमीठ, वर शेंगदाणे. डोक्यावर ओला पंचा, चेहरा चुलीपेक्षा लाल. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिनं काही विचारलं नाही, हात धुतले नाहीत, पंचासुद्धा काढला नाही. तालमीच्या दारातून आत कोणतीही बाई आजवर गेली नव्हती, पण मागच्या मैदानावर जायचा जवळचा रस्ता तोच होता. गोमूत्र आणायला तालमीतली पोरं निघाली की नाही हे बघायला मामा नेमका तेव्हाच आत आला होता. हौद्याच्या काठावर दोघं समोरासमोर आले.

“आक्का, तू इथं? हितं बायांनी...”

वाक्य पुरं झालं नाही. मायचे दोन्ही हात, ठेच्यासकट, त्याच्या दोन्ही डोळ्यांवर बसले.

मी नंतर कुस्त्या पुष्कळ पाहिल्या, पण तसा आवाज कुठल्या मल्लाच्या गळ्यातून ऐकला नाही. मामा गुडघ्यावर आला, आंधळ्यासारखा हात फिरवू लागला, तोल जाऊन हौद्यात पडला. माय पाठोपाठ हौद्यात. तिनं त्याच्या छातीवर बैठक मारली आणि कानांचे दोन्ही पुरणाचे गोळे धरून डोकं मातीत आपटायला सुरुवात केली. एकेक वाक्य आणि एकेक आपट.

“माझ्या लेकीला छडी मारतो? तिच्या पोटात कळा येऊन राह्यल्या अन् तू बैठका मोजतो? मुडद्या, तुला चालायला कोनी शिकवलं रे? मी! नाक कोनी पुसलं? मी!”

“आक्का, डोळे! माझे डोळे गेले!”

“जाऊ दे! असून काय दिसलं तुला? दर महिन्याला पोरी का गायब होतात ते दिसलं? रोज दहा म्हनतो, चार दिवस मैदानात येऊ देत न्हाई, अन् मंग दहापासून! कशी व्हावी रे तीनशे? चोवीस दिवस झाल्यावर किती होतात, सांग! किती होतात?”

मामा मार खाता खाता मोजायला लागला, पण त्याला जमेना. तेव्हा तालमीच्या दारातून एक शांत आवाज आला. अण्णा उभे होते, हातात खडू, आरडाओरडा ऐकून शाळेतून तसेच पळत आलेले. ते मायला आवरायला पुढं आले नाहीत, मामाला वाचवायलाही नाहीत. फक्त म्हणाले, “दोनशे चाळीस.”

“ऐकलं?” माय म्हणाली. एक आपट. “तुझ्या गिनतीनं संघ कोनाचा होतो माहीत हाय का? एक तर दुधाचे दात पडलेल्या ह्या चिमन्या, न्हाईतर माझ्यासारख्या, जिचं सगळं आटोपलं! माझं चार महिन्यांपासून बंद हाय. मी चालते तुझ्या मारुतीला! लिही माझं नाव. मीच जाते धावड्याच्या पोरींवर!”

आणि खरं सांगते, त्या क्षणी ती गेली असती तर धावडा गाव ओस पडलं असतं.

मामाच्या डोळ्यांत दोन दिवस ताक आणि दूध सोडलं गेलं. पापण्या लिंबाएवढ्या सुजल्या. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडं आला आणि मायकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला. तिनं समोर भाकरी आणि आमटी ठेवली. ठेचा ठेवला नाही. तो भाकरी कुस्करायला लागला.

“आक्का, एक इचारू का?”

“इचार.”

“ते... दर महिन्यालाच असतं का?”

मायचं उलथनं वर गेलेलं मी पाहिलं. ते हवेत थांबलं आणि हळूच खाली आलं. “हो रे दगडा. दर महिन्याला.”

“म्हंजे सालात बारा खाडे.”

“अन् हरेकीचे न्यारे दिवस. कोनाला चार, कोनाला सहा. कोनी पहिल्या दिवशी आडवी पडते, कोनाला काहीच होत न्हाई.”

मामानं तोंडातला घास तसाच ठेवला. “सात जनींचे मिळून...” त्यानं अण्णांकडं बघितलं.

“चौऱ्याऐंशी,” अण्णा पेपरातून म्हणाले.

“माझ्या वस्तादानं हे सांगितलंच न्हाई गड्या.”

“त्याला कोन सांगनार?” माय म्हणाली. “त्याला बी बायको न्हवती.”

दुसऱ्या दिवशी मामानं फावडं घेतलं आणि मैदानावरची लाल माती एकट्यानं खरवडून पुन्हा हौद्यात नेऊन टाकली. तिथं शेतातली साधी काळी माती आणून पसरली. मारुतीशी त्यानं अशी तडजोड केली. मैदान आता कुणाचंच नव्हतं, म्हणजे आमचं होतं. त्यापुढची गिनती जिची तिची ठरली. थांबली तिथून पुढं सुरू करायची. दुखणाऱ्या दिवशी नुसतं चालणं आणि दमाचा सराव, ते दिवस गेल्यावर अंगात उसळी येते तेव्हा चढाया आणि मारामारी. सहावीतल्या पोरींना तीनशे बैठका बंद, त्यांचे गुडघे अजून कच्चे. कोणाचा कितवा दिवस हे पोरी मायच्या कानात सांगायच्या आणि माय मैदानाच्या कडेवरून ओरडायची, “दगडा, शालूला आज हलकं!” कारण विचारायचं नाही असं मामाला बजावलेलं होतं. मायनंही एक दिवस बैठका काढून बघितल्या, गुडघे कुरकुरले. मग तिनं मामाचे मुद्गल उचलले, ते लाकडी सोटे, आणि डोक्याभोवती फिरवायला लागली. आधी हलके, मग जड. महिन्याभरात तिला झोप लागायला लागली आणि आमच्या घरातले तांबे उडायचे थांबले. अण्णांना मात्र अधूनमधून वाकायची सवय राहिली.

माझ्या क्लासमध्ये आज नवी बाई आली की वजनाच्या आधी मी वय विचारते, मग महिना नियमित आहे का, बाळंतपण कधी झालं, झोप किती लागते. कॉलेजच्या पोरीला एक, चाळिशीतल्या बाईला दुसरं, साठीतल्या आजीला तिसरं. लोक विचारतात, मॅडम, हे तुम्ही कुठल्या कोर्समध्ये शिकलात? मी कोर्सचं नाव सांगते. कोर्सही केलाच आहे.

सामना भोकरदनला होता. निकाल आधीच सांगून टाकते, आम्ही एका गुणानं जिंकलो, आणि त्यासाठी दोन्ही संघांत मिळून सात टाके पडले. मी त्या सामन्यात होते. पहिल्या डावात धावड्याच्या कर्णधारानं, खांद्यानं रुंद अशा एका पोरीनं, माझी पायपकड केली आणि मला मैदानाबाहेर चटईसारखं फेकलं. आमच्या एकीचं नाक फुटलं, त्यांच्या एकीचा कान शालूनं, चुकून, असं ती आजही म्हणते, ओरबाडला. पंचानं एक गुण नाकारला तेव्हा बायकांच्या गर्दीतून एक चप्पल आली आणि थेट त्याच्या टोपीवर बसली. ती कुणाची होती हे सांगायला नको. पंचांनी मायला मैदानाच्या आवाराबाहेर काढलं. ती फाटकाबाहेर उभी राहून उरलेली चप्पल हातात घेऊन पुढची संधी शोधत होती, पण तिथून तिचा आवाज गर्दीत बुडत होता.

आणि नेमका तोच दिवस शालूचा होता.

मध्यंतर झालं. आम्ही मामाभोवती गोळा झालो, धापा टाकत, रक्त पुसत. चार गुणांनी मागं होतो. मामानं सवयीनं कडेला बघितलं, माय तिथं नव्हती. त्यानं फाटकाकडं बघितलं, ती हात हलवून काहीतरी सांगत होती, ऐकू येत नव्हतं. आता दुसऱ्या डावात कुणाला चढाईला घालायचं आणि कुणाला कोपऱ्यात उभं करायचं हे त्याला कसं कळणार? मैदानाभोवती तालुक्यातली पाचएकशे माणसं बसलेली, पुढाऱ्यांच्या खुर्च्या, हेडमास्तर, मंडपाचा कापडवाला. मामानं आभाळाकडं बघितलं, मारुतीचं नाव घेतलं, आणि विहिरीवर म्हशीला हाक मारायच्या आवाजात गरजला, “जिला जिला महिना आला असंल तिनं हात वर करा! अन् कितवा दिवस ते मोठ्यानं सांगा!”

कापडवाल्याच्या हातातली कनात खाली आली. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

मग शालूनं हात वर केला. तिचा ओठ पुन्हा फुटला होता. ती पाचशे माणसांकडं बघून, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी, खणखणीत म्हणाली, “दुसरा!”

“दुखून राह्यलं का?”

“पयल्या डावात दुखलं. आता न्हाई.”

“मंग पयल्या तीन चढाया दुसरी कोनी करंल, तू कोपऱ्यात दम धर. शेवटच्या सगळ्या तुझ्या. तू बाहेर बसनार न्हाईस, बराबर?”

“बराबर!”

पुरुषांच्या गर्दीत कुणीतरी हसायला लागलं आणि कुणाच्या तरी कोपरानं ते हसू बंद पडलं. पलीकडं धावड्याचा वस्ताद छडी हातात धरून तोंड उघडं टाकून उभा होता. त्याच्या पायाशी त्यांची ती रुंद खांद्यांची कर्णधार पोट धरून उकिडवी बसली होती, आणि आत्ताच, आमच्या डोळ्यांदेखत, त्यानं तिला नाटकं करू नको म्हणून दटावलं होतं. तिच्यामागं पाण्याची कळशी घेऊन तिची आई उभी होती. ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावर पदर. त्या बाईनं एकदा आपल्या लेकीकडं बघितलं, एकदा तिच्या वस्तादाकडं, एकदा आमच्या मामाकडं. मग तिनं कळशी धाडकन खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि मध्यरेषेपलीकडून ओरडली:

“ओ पिंपळगावचे वस्ताद, आमच्या पोरींला बी इचारा की!”